उजवीकडे सरकवा

आमच्या जेवणघरात एका जेवणात तीनदा घंटा होते. पहिल्या घंटेला समोरचं ताट उजवीकडच्या माणसापुढे सरकवायचं, दुसऱ्या घंटेला पुन्हा, तिसऱ्या घंटेला पुन्हा. चमचा ताटाबरोबर जातो. म्हणजे एका बैठकीत तुम्ही चार ताटांतलं खाता, चार चमचे चोखता, आणि कुणाच्या तोंडाला कसला वास येतो हे तुम्हाला न विचारता कळतं. कुणी कुणाच्या ताटाकडे बघून जळू नये म्हणून ही सोय. ‘ताट कुणाचं नाही, पंगत सगळ्यांची’ असं भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय. त्या अक्षरांवर माश्या बसतात.

मी तिथल्या मोरीवर भांडी घासते. मला कुणी पंगतीचं कौतुक सांगू नये. लोक काही देवमाणसं झालेली नाहीत. पहिली घंटा व्हायच्या आत प्रत्येकजण फोडी तेवढ्या वेचून गिळतो, मागे कुत्रं लागल्यासारखा. दुसरा उरलेलं चिवडतो, तिसरा त्यात काही सापडतंय का बघतो, आणि चौथ्याच्या वाट्याला येतो तो नुसता गिचका, त्यात एखादा केस, एखादं चावून टाकलेलं साल. आणि वर ढेकर देऊन सगळे म्हणतात, “वा, काय पंगत झाली!” मला किळस येते. आमच्या खोलीशेजारच्या तरण्या पोरीशी बोलताना माझ्या तोंडून एकदा ‘उष्टं’ हा शब्द गेला. तिनं विचारलं, “म्हणजे काय हो?” ती थट्टा करत नव्हती, तिला खरंच माहीत नव्हता.

माझी मुलगी नऊ वर्षांची. नाक बसकं म्हणून सगळे तिला नकटी म्हणतात, पण त्या नाकाला जे कळतं ते इथं कुणालाच कळत नाही. तिचा बाप खाणीवर बदलून गेलाय. त्याचं पत्र येतं तेही आधी जेवणघरात मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मग चिंधी झालेला कागद आमच्या हाती येतो. तर ही नकटी पहिल्या ताटातले चार घास नीट खायची. घंटा झाली, दुसऱ्याचं ताट पुढ्यात आलं, की त्या ओल्या चमच्याकडे बघायची आणि म्हणायची, “शी.” मग ओठ असे घट्ट मिटायची की कुणाच्या बापाला उघडता येऊ नयेत.

मी वरवर रागवायची. आतून मला तिचा इतका अभिमान वाटायचा की काय सांगू! एवढ्या मोठ्या जेवणघरात किळस येणारी आम्ही दोघीच होतो, आणि त्यातही बोलून दाखवायची हिंमत तिचीच.

पण पंगतीमागून पंगतताई फिरत असते. गोड बाई, सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवणारी. तो हातही कायम ओलसर असतो. तिच्याकडे नोंदवही असते. नकटीच्या नावापुढे दोन नकार लागले होते. तिसरा लागला की मूल पोषणघरात जातं. तिथे नाकातून नळी घालून भरवतात, सवय होईपर्यंत. शिंप्याचा भाचा दोन वर्षांनी परत आला तिथून. अंगानं छान भरलाय. फक्त आता कुणी त्याच्यासमोर नुसता हात वर केला, केस सारखे करायला का असेना, तरी तो आ करतो.

नकटीला मी तिकडे जाऊ देणार नव्हते. मी तिला शिकवलं की सरकून आलेल्या ताटातलं तोंडात घ्यायचं, गालात धरायचं आणि ताईची पाठ वळली की फडक्यात काढायचं. तेवढ्यानं नकार टळला, पण पोट कशानं भरणार? हातांच्या काड्या झाल्या तिच्या. मग मी चोरी सुरू केली. सोलायला आलेल्या बटाट्यांच्या पोत्यातून रोज एक उचलायचा, फडक्यात बांधून भांड्यांच्या उकळत्या पाण्यात सोडायचा आणि सकाळी तिच्या खिशात घालायचा. कुणाचं बोट न लागलेला, अख्खा बटाटा. शाळेच्या संडासात बसून ती तो खायची. खायची जागा म्हणून संडास! पण सगळ्या वस्तीत आतून कडी लागणारी तेवढीच एक जागा होती.

अठरा दिवस हे चाललं. पोरीच्या गालावर जरा रंग आला.

एकोणिसाव्या दिवशी संडासापुढे रांग होती. भूक आवरेना, म्हणून ती वर्गातच मागच्या बाकावर बटाटा मांडीवर घेऊन बसली. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तास संपल्याची घंटा झाली. तिनं बटाटा उजवीकडे सरकवला.

मुद्दाम नाही हो! हात आपोआप गेला. ती चालायला लागायच्या आधीपासूनची हाताची सवय. उजवीकडच्या पोरानंही विचार केला नाही, एक चावा घेतला आणि पुढे दिला. बटाटा बाकाबाकावरून फिरत फिरत पुढे गेला आणि शेवटी मास्तरांच्या टेबलावर त्याचं बोटभर साल पोचलं. मास्तरांनी साल उलटंपालटं केलं. जेवणघरात अख्खा बटाटा कुणाला मिळत नाही. मोरीवर कुणाची आई काम करते हे शोधायला त्यांना किती वेळ लागणार?

त्याच दुपारी जेवण व्हायच्या आधी आमच्या पंगतीची बैठक बसली. आम्हा दोघींना पुढे उभं केलं. नकटीचा हात मी माझ्या हातात धरून ठेवला होता.

पंगतताई जवळ आली. “रडू नकोस गं बाई. इथं कोण तुला रागावणार आहे? आपली तक्रार एवढीच की पोरीचं दुखणं तू एकटीनं अंगावर घेतलंस. आम्ही काय मेलो होतो का?”

बघा! शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, मलाही चार देता आल्या असत्या.

“पण नियम आहे,” ती पुढे म्हणाली. “पंगतीत ती खोटं जेवली, तो तिसरा नकारच. पोषणघराची गाडी उद्या येईल.”

तेव्हा खोकलेकाका उठले. त्यांच्या खोकल्यामुळे हे नाव पडलंय. माणूस सोन्यासारखा, हे मला कबूल करावंच लागेल. ते म्हणाले, “अहो ताई, पोर आपली आहे. नळीवर कशाला पाठवायचं तिला? बेचाळीस माणसं आहोत आपण. एकेक घास आपल्या हातानं भरवू. सगळ्यांचे खाल्ले तर मिटलं. एकाला जरी नाही म्हणाली, तर मग गाडी आहेच.”

बेचाळीस हात वर झाले. त्यात माझाही होता. काकांचे पाय धरावेसे वाटले मला, आणि त्याच क्षणी त्यांची नखं दिसली.

नकटीला बाकावर बसवलं. रांग लागली. बॉयलरवाल्याच्या बोटांना वंगण होतं, ते घासात उतरलं. एका बाईनं घास देण्याआधी पोराचं नाक पुसलं होतं, त्याच हातानं. बोळक्या आजीनं घास आधी स्वतःच्या तोंडात घोळवला. “मऊ करून देते गं सोनुले,” म्हणाली, आणि दिला. सगळ्यांचे डोळे मायेनं भरून आले होते. कुणी तिच्या गालावरून हात फिरवी, कुणी तिची पापी घेई. माझा नंबर सतरावा. मी घास दिला, तिनं आ केला, गिळला. माझ्यानंतर अठरावा आला. माझी, तिच्या आईची, पाळी एवढ्यातच संपली.

तिनं एकही घास गालात धरला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घसा वर-खाली होत होता, पण गिळत होती. मी भिंतीला टेकून मोजत होते.

शेवटी खोकलेकाका. त्यांनी घास उचलला आणि त्यांना उबळ आली. हात तोंडापुढे धरून ते पोटातून खोकले, दोनदा, तीनदा. मग तोच घास, त्याच हातातला, हसून पुढे केला. “घे बेटा. माझा शेवटचा.” त्यावर काय चकाकत होतं ते सगळ्यांना दिसत होतं. बाकीच्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

नकटी थांबली. तिचे ओठ मिटले. मी ओळखते ते मिटणं.

तिनं माझ्याकडे बघितलं. खाऊ का, असं विचारत होती ती. सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली. पंगतताईनं वही उघडली.

काय सांगू तुम्हाला! तिनं ‘शी’ म्हणावं, त्या सगळ्यांच्या तोंडावर म्हणावं, म्हणून माझा जीव तुटत होता. आणि म्हटलं की उद्या तिच्या नाकात नळी.

“खा,” मी म्हटलं.

तिला ऐकू आलं नसावं, किंवा खरं वाटलं नसावं. ती बघतच राहिली.

“खा ना गं,” मी मोठ्यानं म्हटलं. “काका इतक्या प्रेमानं देतायत.”

तिनं तोंड उघडलं. खाल्लं. काकांचं बोटही चाटून स्वच्छ केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईनं वहीतले दोन्ही नकार खोडले आणि मला मिठी मारली. मी मोरीवर गेले, नळ सोडला आणि आवाज येऊ न देता पोटातलं सगळं ओकले. मग तोंड धुऊन परत आले आणि एकेकाचा हात हातात घेऊन आभार मानले. खोकलेकाकांचे दोनदा.

नकटी माझ्याजवळच आहे. अंगानं भरलीये. घंटा झाली की ताट सरकवते, येईल ते चाटूनपुसून खाते, पंगतताई तिचं उदाहरण देते. मी मोरीच्या खिडकीतून रोज तिच्याकडे बघत असते. ती एकदाही मान वर करून माझ्याकडे बघत नाही.