डावा गाल

तुम्ही माझ्या आईचा गाल पुसलात. दुरुस्ती कसली म्हणता? पुसलात.

संग्रहालयाच्या साहेबलोकांनो, तुमच्या बागेत सगळी कामं त्या एकाच शिल्पकाराची. त्यातली तळ्याकाठची ब्राँझची बाई, जिच्या पाटीवर तुम्ही नुसतं 'बसलेली स्त्री' लिहिलंय, ती माझी आई. त्याच्याकडे धुणंभांडी करायची. त्यानं तिला समोर बसवलं, मातीत घडवलं, मग ओतलं. पुतळा उभा राहिला आणि वर्षाच्या आत आई गेली.

तेव्हापासून बाबा दर रविवारी तिच्याशेजारी टेकायचे. गालावर तळहात ठेवून घरचं सगळं सांगायचे. कोण आजारी, कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं. हात फिरून फिरून डावा गाल गुळगुळीत झाला, उन्हात चकाकायला लागला. पुढे त्यांचे डोळे गेले, तशी मी त्यांना हाताला धरून नेऊ लागले.

हिवाळाभर तुम्ही पुतळा झाकून ठेवलात. उघडल्यावर गेलो, तर भोवती साखळी.

"आजोबा, हात लावायचा नाही," पहारेकरी म्हणाला.

"अहो, बायको आहे माझी! लग्नाआधी तिच्या बापानं अडवलं, आता तुम्ही?"

तो हसला. इकडेतिकडे बघून त्यानं साखळी काढली. "उरका पटकन. नाहीतर माझ्या पोटावर पाय यायचा."

बाबांनी तळहात ठेवला. उचलला. परत ठेवला.

"पोरी, भलतीपाशी आणलंस मला."

"नाही हो बाबा, तीच आहे."

"मग गाल असा खडबडीत का हिचा?"

पहारेकरीच चाचरत बोलला, "झिजला होता ना. जुना फोटो बघून लेप भरलाय. शिल्पकाराच्या अंगठ्याचे ठसे परत दिसावेत म्हणून."

बाबांनी हात खिशात घातला.

आता रविवारी ते धुतलेला सदरा घालून खाटेवर बसून राहतात. चला म्हटलं तर म्हणतात, "परक्या बाईला घरचं काय सांगू?"

शिल्पकाराचा अंगठा त्या गालावर फिरला तो महिना-दोन महिने. माझ्या बापाचा हात उभा जन्म फिरला. तुमच्या लेखी पहिली कला आणि दुसरी झीज! ठसे हवे असतील तर उजवा गाल आहे की, त्यावर जगभराच्या लोकांना दाखवा.

लेप निघतो, हे तुमच्याच कारागिराला विचारून आलेय मी. काढणार की नाही? आणि काढणार असाल तर बाबा असेपर्यंत की नंतर? बोला.