मी गेलो की बिघडणारा कॉम्प्युटर

मांडवगण फराट्याच्या बुशराचा कॉम्प्युटर माझ्यासमोर कधीच हळू चालला नाही. हे मी अभिमानाने सांगत नाहीये. त्याच कारणाने त्या मशीनने फेब्रुवारी महिन्यात माझी पार शोभा केली.

मी सत्यजीत. २००४ साली शिरूरच्या स्टँडमागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सुटे भाग आणून नवे कॉम्प्युटरही जोडून द्यायचो. स्वभावाने मी तापट, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत. तालुक्यात तेव्हा या विषयातली माणसंच मोजकी होती, त्यामुळे या समजुतीला धक्का लागायचं काही कारण नव्हतं.

बुशराचा नवरा वजीर रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला होता. तो कारेगावात खोली करून राहायचा आणि गुरुवारी सुट्टीला घरी यायचा. बायकोसाठी त्याने माझ्याकडून कॉम्प्युटर जोडून घेतला होता, सोबत एक छोटा प्रिंटरही. बुशरा दौंडची. बी.ए. झालेली, आणि लग्नाआधी मराठी टायपिंग शिकलेली. तिची बोटं कीबोर्डवर चालायला लागली की बघत राहावं. गावातले अर्ज आणि लग्नपत्रिकांचे मजकूर तिच्याकडेच यायचे. त्या वर्षी केंद्रप्रमुख चांगदेव सरांनी तिला मोठं काम दिलं. केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका, एकूण सतरा. आजवर त्या शिरूरच्या एका प्रेसमधून यायच्या.

“येळेवर झाल्या तर दरवर्षीचं काम तुझ्याकडं,” सर तिला म्हणाले होते. “न्हाई झाल्या तर मला पुन्हा प्रेसवाल्याच्या दारात जावं लागंल, आन् मग तो मला वर्षभर ऐकवंल.”

तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारी दुपारी चारला सर येऊन कागद प्रती काढायला नेणार, कारण सोमवारी परीक्षा. आणि काम हातात आलं त्याच आठवड्यात बकरी ईद झाली आणि कॉम्प्युटर एकाएकी रडायला लागला.

किराणा दुकानातल्या फोनवरून बुशराने मला कळवलं, “दादा, सकाळी अर्धा तास चांगला चालतो. मग एक अक्षर दाबलं की ते उमटेपर्यंत चहा पिऊन होतो.”

“व्हायरस,” मी जागेवर बसूनच निकाल दिला. “उद्या दुपारी येतो.”

दुसऱ्या दिवशी पस्तीस किलोमीटर मोटरसायकल हाकत गेलो. बुशराची सासू, सुगराचाची, दारातच तांब्या घेऊन उभी होती. चाचीचं घर म्हणजे आरसा. फरशीवर पाय ठेवायला लाज वाटावी. कॉम्प्युटर पुढच्या पत्र्याच्या खोलीत टेबलावर होता. चालू केला तर पळायला लागला. व्हायरस शोधला, नव्हता. ईदला आलेल्या पाहुण्यांच्या पोरांनी गेमच्या दोन सीड्या चढवल्या होत्या, त्या काढल्या. तासभर टाइप करून पाहिलं, कुठे अडकत नव्हता. मी हात झटकले, शिरखुर्म्याची वाटी संपवली आणि विजयी मुद्रेने निघालो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच फोन. “दादा, पुन्हा तेच.”

पुन्हा गेलो, पुन्हा तो शहाण्या मुलासारखा चालला. मग मी अख्खा डबाच उचलला, जुन्या चादरीत बांधला आणि शिरूरला आणला. दुकानात तीन दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी आठ चालू ठेवला. एकदाही दम लागला नाही. परत नेऊन दिला, त्या संध्याकाळी फोन आला.

आता मात्र माझं डोकं सरकलं. बिघाड सापडत नाही म्हटल्यावर मी काय करावं? जे प्रत्येक मेकॅनिक करतो तेच. आधी गावच्या विजेला शिव्या घातल्या. मग गिऱ्हाइकाला.

“बुशरा, मशीनला काही झालेलं नाही,” मी फोनवर म्हणालो. “तुलाच घाई होते. दहा गोष्टी एकदम उघडत असशील. जमत नसेल तर सरांना तसं सांग.”

ती नुसतं “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. ते ‘बरं’ मला दोन दिवस टोचत होतं, पण मी चुकलो असेन हे काही केल्या मनात येत नव्हतं.

गुरुवारी वजीर सुट्टीला आला तेव्हा मला भेटून गेला. म्हणाला, “सत्यजीत, पुढच्या गुरुवारी कॉम्प्युटर कारेगावला न्यावा म्हणतो. खोलीवरचा एक जण विकत मागतोय. घरी येतो तवा ती त्याच्यापुढं बसून डोळं पुसती, मला बघवत न्हाई.”

शनिवारी सकाळी मांडवगणच्या दूध संस्थेतून प्रिंटरसाठी बोलावणं आलं. ते काम तासाभरात उरकलं. अकरा वाजले होते. बुशराच्या घरावरून जाताना वाटलं, डोकावून यावं. न कळवता त्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो.

दार उघडं होतं. बुशरा पाठमोरी बसली होती. एक कळ दाबायची आणि वाट बघायची, असं तिचं चाललं होतं. आणि टेबलावर कॉम्प्युटरच्या डब्याच्या जागी नवरदेव बसला होता.

खोटं सांगत नाही. गर्द लाल मखमल. कडेने जरीची किनार. चारी कोपऱ्यांत टिकल्यांची फुलं. पुढे बटणापुरती एक खिडकी, सीडीपुरती दुसरी, तिला वर झाकण आणि झाकणाला टिचबटण. मागच्या बाजूने वायरींभोवती नाडी आवळून अशी घट्ट गाठ मारलेली की मुंगी शिरू नये. मी मखमलीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. आतून जाड अस्तर होतं, चांगलं टाके घालून शिवलेलं. माघात माणसाने अंगावर घ्यावं इतकं उबदार.

“हे काय आहे?” मी ओरडलोच.

बुशरा दचकून वळली. “दादा, तुम्ही? हे... अम्मींनी शिवलंय. ईदला घातलं.”

“मग मी आलो तेव्हा कुठे होतं हे?”

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. सुगराचाची पदराला हात पुसत बाहेर आली. “पेटीत. तू यायचा म्हनलं की मी काढून ठिवायची. तुझं हात कसं असत्यात बघ की. काळंकुट्ट, गिरीसचं. मखमालीला डाग पडला तर जाईल का?”

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि पाठोपाठ रागही आला. तीन खेपा, दोनशे किलोमीटरच्या वर रपेट आणि वर स्वतःची शोभा. मी तोंड उघडलं. “चाची, तुम्हाला कोणी सांगितलं होतं ह्याला रजई पांघरायला?”

“तूच,” चाची म्हणाली.

“मी?”

“मशीन बसवलं त्या दिशी. हितंच उभा व्हतास. म्हनलास, चाची, धूळ म्हंजी ह्या मशीनचा काळ. एक कन आत जाऊ देऊ नका. म्हनलास का न्हाई?”

म्हणालो होतो. प्रत्येक घरी म्हणतो. बोट वर करून म्हणतो. ज्या बाईच्या घरात टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, पाण्याच्या पिंपालाही झालरीचं कव्हर, तिला मी हे सांगितलं होतं. तिने दोन महिने दुपारी डोळे ताणून माझा शब्द खरा केला होता. ज्याला श्वास घ्यायला मागे पंखा दिला आहे त्याचंच नाक बांधून टाकलं, आणि त्याचा गुरू मी. असा गरम झाला की तो जळून जाऊ नये म्हणून स्वतःच हळू होतो, हे मला पाठ होतं. फक्त हात लावून बघायचं सुचलं नव्हतं, कारण माझ्यासमोर तो कधी तापलाच नव्हता.

मी स्टुलावर बसलो. “चाची, चूक माझी आहे,” मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी फार वेळा उच्चारलेलं नाही. “धुळीचं सांगितलं, हवेचं सांगितलंच नाही. आणि बुशरा, त्या दिवशी फोनवर तुला बोललो, तेही चुकलंच.”

बुशराने मान हलवली. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. “दादा, आठच झाल्यात. नऊ राहिल्यात.”

चाचीचं तोंड मात्र उतरलं. तिने एकदा त्या नवरदेवाकडे पाहिलं, एकदा सुनेच्या सुजलेल्या डोळ्यांकडे. “म्हंजी तीन आठवडे ही रडत बसली ती माझ्यापायी?” कोणी काही बोलायच्या आत तिने पुढे होऊन नाडी ओढली. गाठ सुटेना तेव्हा कात्री आणून कचकन कापली आणि कव्हर खुंटीवर फेकलं.

मी डब्याचा पत्रा उघडला. आतल्या पंख्याच्या पात्यांत अस्तराचा कापूस आणि लाल मखमलीची लव अशी गच्च बसली होती की चिमणीने घरटं बांधावं. ब्रशने सगळं काढलं, तेलाचा थेंब सोडला. पण इतके दिवस अडखळत फिरून पंखा पार थकला होता. तो घरघरायचा, दोन फेरे घ्यायचा आणि थांबायचा. नवा पंखा शिरूरला दुकानात. जाऊन यायला तीन तास, आणि चार तर वाजायलाच आले असते.

“टेबलफॅन आणा,” मी म्हणालो. “असाच उघडा ठेवून समोर लावू.”

“तो ह्यांनी कारेगावला नेलाय,” बुशरा म्हणाली. “खोलीवर डास हायत म्हणून.” आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आलंच. आवाज नाही, नुसतं पाणी. आता बिघाड कळला होता, बोटं तयार होती, मजकूर समोर होता आणि एका वाऱ्याच्या झुळकेसाठी सगळं अडलं होतं. मला माझीच इतकी चीड आली की मी पंखा फिरेल या आशेने त्याच्यावर फुंकर मारून पाहिली.

सुगराचाची आत गेली. येताना तिच्या हातात बांबूचा विणलेला पंखा होता. तिने पाट ओढला, उघड्या डब्यासमोर मांडी घातली आणि वारा घालायला लागली.

“अम्मी, अहो, चार वाजेपर्यंत?” बुशरा म्हणाली. “हात गळून जाईल.”

“तू टाइप कर. मीच आडवी आले व्हते ना तुझ्या कामाला? आता मीच बाजूला व्हते. कर.”

मी आत बोट लावून बघत होतो. पाच मिनिटं. दहा. कढत होतं ते कोमट झालं. आणि मग बुशराने कळ दाबली आणि अक्षर उमटलं. दुसरी दाबली, दुसरं उमटलं. त्यानंतर कळा मोजता येईनात. खोलीत नुसता पाऊस पडल्यासारखा आवाज. तिसरीचं गणित झालं. चौथीचा परिसर अभ्यास झाला. मी कागद भरायचो, प्रिंटरमधून आलेलं पान तपासायचो आणि मधूनच म्हणायचो, “द्या चाची, मी घालतो थोडा वेळ.”

“तुझं हात धू आधी,” चाची म्हणायची, आणि धुऊन आलो तरी पंखा काही देत नव्हती. उजवा हात दुखला की डावा. नमाजापुरती तेवढी उठली, तेव्हा दहा मिनिटं माझी नेमणूक झाली. परत आल्यावर म्हणाली, “तुझा वारा लई तिरपा जातो.”

चारला पाच मिनिटं असताना चांगदेव सरांची स्कूटर दारात थांबली. सतरावं पान प्रिंटरमधून अर्धं बाहेर आलं होतं. सर चप्पल काढून आत आले आणि दारातच थबकले. कॉम्प्युटर पोट उघडून बसला होता, समोर साठीची बाई त्याला वारा घालत होती, आणि मी हातात कागद धरून पंगतीतल्या वाढप्यासारखा उभा होतो.

“काय झालंय ह्याला?” सरांनी विचारलं.

बुशरा सासूला सांभाळून घ्यायला गेली. “काही न्हाई सर, जरा पंखा...”

“खोटं कशाला सांगती?” चाची वारा न थांबवता म्हणाली. “सर, मी त्याला मखमालीत गुंडाळला व्हता. सत्यजीतनं सांगितलं धूळ लागू देऊ नका, आन् मी लागू दिली न्हाई. पर पोरीचं काम पुरं झालंय. एक कागद कमी न्हाई. मोजून घ्या.”

सरांनी मोजले नाहीत. पानं चाळली, एका ठिकाणी थांबून एक प्रश्न मनाशी वाचला, आणि कागद पिशवीत घालत म्हणाले, “वार्षिक परीक्षेचं एप्रिलमधी घेऊन येतो. तवा जरा लवकर देईन.” जाताना ते चाचीकडे बघून हसत होते.

मी कॉम्प्युटर बंद केला. चाचीचा हात चालूच होता.

“चाची, झालं. बंद केलाय.”

“आजून गरम हाय,” ती म्हणाली. डाव्या हाताचा पंजा तिने डब्यावर ठेवला, तापकऱ्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग पंखा खाली ठेवायला गेली, तर बोटं दांडीवरून उलगडेनात. बुशरा खुर्चीवरून उतरली, सासूसमोर फरशीवर बसली, एकेक बोट सोडवून पंखा काढून घेतला आणि सासूलाच वारा घालायला लागली.

“पुरे गं,” चाची म्हणाली, पण डोळे मिटून भिंतीला टेकली.

घाम मलाही आला होता, पण त्या वाऱ्यातला थोडासुद्धा माझ्याकडे आला नाही, आणि मी मागितलाही नाही. आवाज न करता हत्यारं गोळा केली आणि नवा पंखा आणायला शिरूरला निघालो.