दीड मणाचं पोतं

पनवेलच्या हुतूतू संघात कोण खेळणार हे कमळाकरशेट ठरवायचे. चड्ड्या-बनियन त्यांचे, नारळ त्यांचा, सरावाचं पटांगणही त्यांच्याच भातगिरणीचं. सलग तीन वर्षं जिंकलेली ढाल गिरणीतच खिळ्याला टांगलेली. रोज ती बघून बघून चौथ्या वर्षी शेटना वाटलं, आता आपल्याला खेळही कळायला लागला.

"जड पोतं कोणाला ओढत नेता येतं का?" ते म्हणाले. "मग गडी जडच हवा."

झालं. गिरणीच्या काट्यावर एका पारड्यात दीड मणाचं पोतं ठेवलं. दुसऱ्यात एकेक गडी बसायचा. पारडं खाली गेलं तर संघात, वर लटकलं तर घरी. निकाल पुकारायचा दाजीने, कारण तो गिरणीचा मापाडी. शिवाय संघाचा कर्णधार. बायको एक वेळ माहेरी गेली तरी चालेल, पण कर्णधारपद जाता कामा नये, असा त्याचा हिशेब होता.

कातकरवाडीचा जैतू पारड्यात बसला. तीनही वर्षं ढाल आणली ती त्याच्या चढायांनी. पण पारडं वर गेलं, पाय हवेत लोंबले. लोक हसले.

"दाजी, शेटना सांग ना," जैतू वरूनच म्हणाला. "माजा खेळ तुला ठाव हाय."

दाजीची पाळी अजून यायची होती, आणि तोही काही फार भरत नव्हता.

"हलका!" तो ओरडला. "उतर रं. कोंबरी पन तुज्यापेक्षा भरंल."

शेट पोट धरून हसले. दाजी स्वतः बसला तेव्हा पारडं मधेच डुगडुगत राहिलं. शेटनी मेहेरबानी केली. "तू खा. महिन्याने पुन्हा बघू."

दाजी खायला लागला. भाताचे ढीग, वर तूप, वर केळी. बायको हौसा म्हणाली, "अवो, म्हस पन मधी थांबून रवंथ करते!"

"तुला नाय कलायचं. संघासाठी खातंय."

महिन्याने तो भरला. कर्णधारपद राहिलं.

हलके म्हणून हाकललेले गडी शेजारच्या करंजाडे गावाच्या संघाने उचलले. अंतिम सामन्यात पनवेलचे सातजण थप्पी लावल्यासारखे उभे. जैतू चढाईला आला आणि नुसता गोल गोल पळत राहिला. त्याच्यामागे फिरून फिरून दाजी गुडघ्यावर हात टेकून धापा टाकू लागला. जैतूने त्याच्या टकलावर टपली मारली, रेघेपलीकडे गेला आणि मगच दम सोडला.

"काय रं दाजी, पोतं दमलं?"

ढाल करंजाड्याला गेली.

दुसऱ्या दिवशी शेटनी पुन्हा काटा लावला. तेच पोतं. "तुम्ही लोक खाऊन खाऊन माजलात," ते म्हणाले. "आता ज्याचं पारडं खाली जाईल तो बाहेर. दाजी, पहिला तू."

दाजी बसला. पारडं धाडकन जमिनीला टेकलं. शेट त्याच्याकडे वळले.

"पुकार की. मापाडी तूच ना?"

"जड," दाजी पुटपुटला.

"मोठ्याने. जैतूच्या वेळी पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं होतं."