जे फोनवर सांगायचं नसतं

माकसातचे वडील पहाटे गेले. उन्हं वर यायच्या आत अंगणात शोकाचा युर्ता, लोकरीचा गोल तंबू, उभा राहिला, आणि भावकीतल्या थोरल्या, म्हाताऱ्या ओमुरबेकनं सगळ्यांना दम भरला, "ग्रुपवर कुणी एक अक्षर टाकायचं नाही. पोरगा परदेशात आहे. घरी आला की चार माणसं बसवून सांगू."

नारीन नदीच्या त्या डोंगरी खोऱ्यात ही रीत कुणाला शिकवावी लागत नाही. मरणाची बातमी जवळच्या माणसाला एकटं गाठून द्यायची नाही. त्याला मध्ये बसवायचं, पाठीवर हात ठेवायचे, मग थोरल्यानं तोंड उघडायचं.

"बेयशेन, तू साडू आहेस त्याचा," ओमुरबेक म्हणाला. "टेकडीवर जाऊन फोन लाव. वडिलांना बरं नाही, निघून ये, एवढंच सांग."

बेयशेन लगेच निघाला. चढताना त्याला घाई झाली होती, आणि ती कशाची हे त्याला पक्कं माहीत होतं.

गेल्या वर्षी तो नमदे, लोकरीची जाड अंथरुणं, विकायला सीमेपलीकडे ताश्कंदला गेला होता. सीमा ओलांडली आणि फोन मुका झाला. रोमिंग त्याला परवडत नव्हतं. बस अड्ड्यावर पासपोर्ट दाखवून त्यानं तिथलं सिम घेतलं, नेट सुरू झालं आणि मेसेज धडाधड पडले. त्यात माकसातचा होता, घरच्या ग्रुपवर. 'अनारकुल गेली. लवकर या.' खाली रडकी तोंडं. अनारकुल म्हणजे बेयशेनची बायको. तो तेव्हा पुलावाच्या गाडीसमोर उभा होता. गाडीवाला म्हणाला, "घ्यायचा नसेल तर बाजूला हो." तो बाजूला झाला. घरी पोचला तेव्हा तिला पुरून झालं होतं. माकसात एवढंच म्हणाला, "मला वाटलं, लवकर कळलेलं बरं."

टेकडीवर सिग्नल आला. बेयशेननं नंबर काढायच्या आत माकसातचाच फोन वाजला. व्हिडिओ. डोळ्यांवर काळा चष्मा, मागे बुखाऱ्याचा मनोरा.

"साडूभाऊ! दिसतोय ना नीट? घरूनच ई-सिम टाकून निघालो. दुकान नको, रांग नको, उतरलो की नेट चालू! तुमच्यासारखं अड्ड्यावर सिम शोधत हिंडलो नाही."

"दिसतोयस," बेयशेन म्हणाला.

"बाबा फोन उचलत नाहीत. म्हातारा रुसला वाटतं, बरोबर नेलं नाही म्हणून."

"गुलसुन कुठंय?"

"तुमची मेहुणी? रेशमाच्या दुकानात शिरलीय. आता संध्याकाळीच बाहेर येईल!"

"म्हणजे एकटाच आहेस."

"एकटाच. का हो?"

ओमुरबेकनं दिलेलं वाक्य बेयशेनच्या जिभेवर होतं. त्यानं ते गिळलं.

"तुझे वडील गेले. लवकर ये."

माकसात हसला. "ही काय थट्टा झाली, साडूभाऊ?" बेयशेननं नकारार्थी मान हलवली. मग माकसातनं चष्मा काढला, त्याच्या हातून फोन सुटला, आणि पडद्यावर आभाळ तेवढं उरलं. नेट इतकं चांगलं होतं की रडण्याचा एक हुंदकाही मध्ये तुटला नाही. वर्षभर बेयशेनला हेच ऐकायचं होतं. त्यानं फोन कानाशी धरला आणि सगळं ऐकलं.

"साडूभाऊ, आहात ना? फोन ठेवू नका. गुलसुन येईस्तोवर बोला माझ्याशी, काहीही बोला."

"माझ्याशी कोण बोललं होतं?" बेयशेन म्हणाला, आणि त्यानं फोन कापला.

तो खाली आला तेव्हा युर्त्याबाहेर पुरुष रीतीप्रमाणे काठ्यांवर रेलून रांगेत मोठ्यानं रडत होते. ओमुरबेक पुढे आला. "लागला का? काय सांगितलंस?"

"त्यानं मला सांगितलं होतं, तेच."

ओमुरबेकला समजायला वेळ लागला नाही. त्यानं काठी आडवी धरली. "मेल्या माणसाचा काय गुन्हा होता रे? या रांगेत उभा राहू नकोस."

"नाही राहत."

टेकडी उतरताना त्याला वाटलं होतं, छाती हलकी होईल. झाली नव्हती. अनारकुलनं हे पाहिलं असतं तर ती काय म्हणाली असती, हेही त्याला ठाऊक होतं. तरी तो घरी गेला नाही. माकसात आला की त्याला सगळ्यात आधी आपलं तोंड दिसावं, म्हणून तो त्या अंगणाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला.