डाव्या हाताचा चुडा

दुसरी बांगडी वाढली तशा ओसरीवरच्या बायका पुढं झुकल्या. 'फुटली' असं कुणी म्हटलं नाही. लग्नघरात तो शब्द काढत नाहीत. आकारामनं काचेचे तुकडे वेचले आणि नवरीच्या, राजनंदिनीच्या, डाव्या हातावरची प्लॅस्टिकची पिशवी पुन्हा नीट केली. सांगलीत त्याचं बांगड्यांचं मोठं दुकान होतं. हातावर पातळ पिशवी चढवायची आणि तिच्यावरून बांगडी सरकवायची, ही त्याची रीत. उजवा हात तसा भरूनही झाला होता. डावा काही ऐकत नव्हता.

खांबाजवळच्या लोखंडी खुर्चीवर जैतूनबी मणेर दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली होती. चाळीस वर्षं या घरात तिनं बांगड्या भरल्या होत्या, त्या जमिनीवर मांडी घालून. आज तिला खुर्ची मिळाली होती. घरच्या थोरल्या बनुबाईच्या सुनेनं, म्हणजे नवरीच्या आईनं, तिला साडी दिली, चहा दिला आणि नजर चुकवत सांगितलं होतं, की मावशी, मान तुमचाच आहे, पण नवऱ्यामुलाकडच्या बायका साताऱ्याहून चुडा बघायला आल्यात, उगाच नावं ठेवतील. जैतूनबी बरं म्हणाली. सुनेचा तिला राग आला नाही, पण खुर्ची टोचत राहिली. राजनंदिनीच्या बारशाला तिच्या इवल्या मुठींतून पहिल्या काळ्या बांगड्या जैतूनबीनंच सरकवल्या होत्या. लग्नाचा चुडाही आपल्याच हातानं भरायचा, एवढी एक गोष्ट तिनं मनात धरून ठेवली होती.

आठ वर्षांपूर्वी तिच्या हातांना इसब झाला. आधी बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ आलं, मग खाज, मग चामडी जाड होऊन तळव्यांना भेगा पडल्या. खाज अशी, की माधवनगरच्या घरात ती बाजेच्या काथ्यावर तळवे घासत बसायची. घासताना जीव गार व्हायचा आणि मागून नुसती आग. कडुलिंबाचा पाला झाला, करंजाचं तेल झालं, मिरजेच्या दर्ग्यातली उदी झाली. मिरजेच्याच डॉक्टरनं मलम दिलं आणि साबणाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. साबणाशिवाय बांगडी भरतात कशी, हे त्या भल्या माणसाला कुठलं ठाऊक असणार? हा रोग दुसऱ्याला लागत नाही, असं मात्र त्यानं लिहून दिलं. तिच्या लेकानं, अश्फाकनं, कुपवाडच्या कारखान्यातून येताना तो कागद लॅमिनेशन करून आणला. बाजारात बायका तो कागद वाचायच्या, मान हलवायच्या आणि आपले हात हळूच पदराखाली घ्यायच्या.

पूर्वी तसं नव्हतं. हात हातात आला की बाई आपोआप बोलायला लागायची. सासूचं, माहेराचं, सगळं. दिवस गेलेले नवऱ्याच्या आधी जैतूनला कळायचे. बनुबाई तर बोलायचीही नाही. तिचा नवरा लालासाहेब फौजेतून सुट्टीवर यायचा असला, की बोलावणं धाडायची आणि हात पुढं करून नुसती हसत बसायची. जैतूनच्या हातांना भेगा पडल्यावरही तिनं आपला हात मागं घेतला नव्हता. तुझ्या भेगांनी मला काय भोकं पडणार हाईत व्हय, म्हणायची. सहा वर्षांपूर्वी लालासाहेब गेला, बनुबाईचं मनगट मोकळं झालं, आणि तेही थांबलं.

आकाराम म्हणाला, डाव्या हाताला एक माप मोठं घेऊ. सून म्हणाली, दोन हातांत दोन मापांचा चुडा कुणी पाहिलाय?

तेवढ्यात बनुबाई माजघरातून बाहेर आली. चुडा भरताना विधवेनं समोर असू नये, म्हणून ती आपण होऊन आत बसली होती.

"जैतून, तू भर," ती म्हणाली. "पाव्हण्यांचं मी बघती."

हेच ऐकायला जैतूनबी सकाळपासून बसली होती. तिनं हात पदराबाहेर काढले, तळवे उलटून पाहिले. पहाटे झोपेत खाजवलं गेलं होतं. उजव्या तळव्याची भेग ओली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "रगत लागंल पोरीला. तू भर, मी सांगती."

"मी? माझं कपाळ मोकळं हाय, दिसत न्हाई व्हय तुला?"

"कपाळानं कोण भरतंय बांगड्या? बस खाली."

बायकांत कुणीतरी खुदकन हसलं. राजनंदिनीनं हातावरची पिशवी काढून टाकली आणि हात आजीपुढं धरला. साताऱ्याकडची एक वयस्क बाई पुढं झाली. तिनं आतून आलेलं साबणाच्या पाण्याचं भांडं बनुबाईकडं सरकवलं.

जैतूनबी खुर्चीवरून सांगत गेली. पाची बोटं जुळव. ही लहानपणी सायकलवरून पडलीया, अंगठ्याजवळचं हाड उचललंय, तवा तिकडनं न्हाई, करंगळीकडनं चढव. आता थांब. तिला श्वास सोडू दे. बांगडी हाडाशी येऊन अडली.

"तुला मी कशी भरायची, ते आठव," जैतूनबी म्हणाली.

बनुबाईनं डोळे मिटले. नातीचा अंगठा तळव्यात दाबला, हाताला जरासा पीळ दिला, आणि बांगडी हाडाला वळसा घालून मनगटावर उतरली. आकाराम पुढं सरकून बघत राहिला. एकेक करत सगळ्या चढल्या. एकही वाढली नाही.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायचा असतो. राजनंदिनी आजीपुढं वाकली, तर बनुबाईनं तिला अडवलं आणि खुर्चीकडं बोट केलं. पोरगी तिकडं वाकली. जैतूनबीचे हात सवयीनं पुढं आले, पण तिनं ते पोरीला टेकवले नाहीत. वरूनच ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. भेगा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं. दोन बोटं वाजली, दोनच.

"आणि बाकीची आठ?" राजनंदिनीनं विचारलं.

"ती तुझ्या पोराच्या बारशाला."

बायका हसल्या. पुन्हा चहा आला. जैतूनबीच्या तळव्यांना खाज सुटली होती. तिनं ते खुर्चीच्या गार लोखंडावर दाबून धरले. समोर बनुबाई अजून तशीच मांडी घालून बसली होती. तिच्या मोकळ्या मनगटावर साबणाचा फेस वाळत आला होता, आणि तो तिनं पुसला नव्हता.