आतली केबिन

...आणि स्क्रू घरंगळत निघाला. डावीकडे. तांदळाच्या दाण्याएवढाही नसेल, चष्म्याच्या दांडीचा स्क्रू. तिनं तो टेबलाच्या मधोमध नीट ठेवला होता, तरी आपला हळूहळू, कुणाला न विचारता, कडेकडे चाललेला. तिनं त्याला अडवलं नाही. कडेखाली तळहात धरून ती नुसती थांबून राहिली, आणि तो टुपकन हातात पडला. डावीकडे म्हणजे जहाज तिकडे कललंय, त्या अंगाच्या टाक्या भरतायत. म्हणजे आज पाणी येणार. पिवळं का होईना, येणार. आणि पिवळं पाणी आधी बादलीभर वाहू द्यायचं असतं एवढंही ज्याला कळत नाही त्यानं या जहाजावर राहायच्या भानगडीत पडू नये.

"झाला का हो?" दारातून ड्रायव्हरनं विचारलं. समोरच्या केबिनमधला हा माणूस जन्मभर शहरातली बस चालवून इथं राहायला आलेला. अजूनही जहाजाच्या बोळातून जाताना वळणावर थबकतो, समोरून काही येतंय का बघतो आणि मगच वळतो.

"होतोय. दम धरा जरा, चष्मा काय पळून जातोय?"

"चष्मा नाही, नाश्ता पळतो," तो म्हणाला. मग जरा हळू आवाजात, "लेक येणार ना आज?"

"येणार."

"न्यायला?"

तिनं काचेवर फुंकर मारली. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे काढल्याचा हा एक फायदा — उत्तर नको असलं की काच पुसायची. "बघायला," ती म्हणाली.

खोटं. धडधडीत खोटं. चिमी फोनवर स्पष्ट म्हणाली होती, आई, मी तुला न्यायला येतेय, या वेळी तुझं काही ऐकणार नाही, खोली तयार आहे... आणि तिनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं, "ये तर खरी" म्हणून फोन ठेवला होता. आता ती दुपारी जेवायच्या वेळेला येईल. आणि केबिन एकदा सोडली की सोडली. रिकाम्या झालेल्या केबिना आता पुन्हा कुणाला देत नाहीत, कुलूप घालून वीज तोडतात. तिच्याच बोळात उजवीकडची सगळी दारं अशी अंधारी झालीयत. रात्री त्या बाजूनं चालताना ती उगाचच खाकरते.

जग दाखवणार होतं हे जहाज. सावकाश, बंदराबंदराला थांबत, वर्षानुवर्षं — आणि परवडणाऱ्या दरात, कारण जहाज चिमीपेक्षाही वयानं मोठं. पहिली काही बंदरं दाखवलीही त्यानं, नाही असं नाही. मग इंजिनातलं काहीतरी गेलं, आणि ते काहीतरी आता कुठंच तयार होत नाही म्हणे, आणि तेव्हापासून जहाज या धक्क्याला बांधलेलं. रोज सकाळी भोंग्यातून कप्तान बोलतो. गोड आवाज आहे मेल्याचा. "लवकरच" हा शब्द तो असा उच्चारतो की ऐकणाऱ्याला वाटावं, बॅगा आवराव्यात. लोकांनी आवरल्याही. जहाज निघालं नाही, लोक निघाले... एकेक करून, शिडीवरून, मागं न बघता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, वरचा पोहण्याचा तलावही फुटला. आता तिथं जाळी टाकून लोक कपडे वाळत घालतात.

तरी ती राहिली. का? — असं चिमी विचारते, आणि तिला उत्तर देता येत नाही, म्हणजे देता येतं पण लेकीला देता येत नाही. काय सांगणार? की मला आयुष्यात कधी खोली नव्हती? लहानपणी बहिणींच्या रांगेत झोपले, मग सासूबाईंच्या खोकल्याशेजारी, मग नवऱ्याच्या घोरण्याशेजारी — माणूस चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण घोरणं ते घोरणंच — आणि मग तू झालीस, तुझा पाळणा, तुझी पुस्तकं, तुझ्या मैत्रिणी... घरातल्या प्रत्येक दाराला कुणीही ढकलावं. ही केबिन पोटातली आहे, जहाजाच्या मधोमध, खिडकी नाही, हवा वरच्या जाळीतून येते आणि सोबत थेंब थेंब पाणीही आणते. पण हिला आतून कडी आहे. ती कडी लावून पहिल्या दिवशी मी पलंगावर नुसती बसले होते. काही केलं नाही. कुणी काही मागितलं नाही. हे लेकीला सांगायचं म्हणजे, तू नको होतीस असं सांगितल्यासारखं होतं. आणि ते खरं नाही, अजिबात खरं नाही.

खरी भीती मात्र निराळीच होती, आणि ती तिनं ड्रायव्हरलाही सांगितली नव्हती.

मागे, इंजिन गेल्यावर, जहाज दुरुस्तीला कोरड्या गोदीत चढवलं तेव्हा सगळ्यांना उतरायला लावलं होतं, आणि ती चिमीकडे राहायला गेली होती. भक्कम घर. तिथं ती पाय फाकवून चालली, भिंत धरून. पेले धुऊन कपाटात आडवे निजवले. कपाटाच्या मुठी रिबिनीनं एकमेकींना बांधून टाकल्या. जेवायला बसल्यावर फडकं ओलं करून, पिळून, ताटाखाली घातलं — आणि वर केलेली नजर चिमीच्या नजरेला भिडली. चिमीनं नजर वळवून भात वाढला. दुसऱ्या दिवशी "सहज तपासून घेऊ" म्हणून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण, फार गोड बोलणारा. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ते तिनं ठेवले. मग विचारलं, आज कोणता वार? आणि ती पटकन म्हणाली, "बंदराचा."

कारण जहाजावर दोनच वार असतात, समुद्राचा आणि बंदराचा. तिसरा कशाला हवा? पण डॉक्टरनं काहीतरी लिहून घेतलं, चिमीनं पर्समध्ये रुमाल शोधला, आणि तेव्हापासून... तेव्हापासून ती स्वतःवरच पाळत ठेवून असते. किल्ली विसरले, ती जहाजामुळे की माझ्यामुळे? नाव आठवत नाही, ते वयामुळे की...? माणसाचा चष्मा सैल झाला तर दुसऱ्याला दिसतो. डोकं सैल झालं तर ते कुणी सांगायचं? चिमी बरोबर असेल तर? लेक उगीच घाबरते थोडीच. लहानपणापासून शहाणी मुलगी.

दुपारी चिमी आली. शिडी चढताना दोन्ही हातांनी दोर धरून, ओठ घट्ट मिटून. सोबत मोठी रिकामी बॅग. बॅग रिकामी असली की चाकं जरा जास्तच वाजतात. आख्ख्या बोळाला कळलं.

"आई, वाळलीस गं."

"तू पण. बॅग ठेव इथं. आधी जेवू, जेवण निवलं की ते रबर होतं." आणि लगेच जीभ चावली. तक्रार नको. लेकीपुढं तक्रार म्हणजे आपल्या हातानं बॅग भरणं. झाकली मूठ सव्वा लाखाची. "म्हणजे चांगलं असतं तसं," ती म्हणाली.

जेवणाच्या हॉलमध्ये गर्दी अशी उरलीच नव्हती, चार टेबलं भरायची मुश्किलीनं. चिमीनं ताट घेतलं आणि टेबलावर ठेवलं. तिनंही ताट घेतलं. आणि खिशातलं फडकं खिशातच ठेवलं. मुद्दाम. आज नाही. आज मी सरळ बसेन, सरळ जेवेन, वारही विचारलास तर पंचांगातला सांगेन, सकाळीच पाठ केलाय.

समोर ड्रायव्हर येऊन बसला. "ही का लेक? वा. आईसारखंच नाक." मग त्यानं बगलेतून एक पिवळं फडकं काढलं, पेल्यातल्या पाण्यात बुडवलं, पिळलं, चारी कोपरे ओढून टेबलावर पसरलं आणि त्यावर ताट ठेवलं. चिमी बघत राहिली. शेजारच्या टेबलावर एका म्हातारीनं निळं फडकं पसरलं. पलीकडे दोन बहिणी एकाच टॉवेलाच्या दोन टोकांवर आपापली ताटं ठेवत होत्या, आणि तुझ्याकडे जास्त गेला, माझ्याकडे कमी आला, असं भांडत होत्या.

"ताई, तुम्हाला फडकं नाही दिलं आईनं?" ड्रायव्हर म्हणाला. "अहो बाई, पाहुणीला असं —"

तेवढ्यात बाहेरून कुठलंतरी मोठं जहाज गेलं असावं. कुणाला काही दिसलं नाही, फक्त जमीन एकदा श्वास घेतल्यासारखी वर आली आणि खाली गेली. फडक्यांवरची ताटं जागच्या जागी राहिली. मायलेकींची दोन्ही ताटं मात्र सरकत निघाली. तिचं तिनं न बघताच कोपरानं अडवलं. चिमीचं सरळ चिमीच्या मांडीत उतरलं, रश्श्यासकट.

हॉलमध्ये कुणी मानही वर केली नाही. फक्त बहिणींपैकी एक म्हणाली, "नवीन आहे वाटतं."

चिमी मांडीकडे बघत होती. मग आईच्या कोपराकडे. मग सगळ्या हॉलमधल्या फडक्यांकडे, एकेक करून. तिचा चेहरा असा काही झाला की आता रडते का हसते कळेना. "आई," ती म्हणाली, "तू हे... माझ्याकडे... म्हणून करत होतीस?"

"मग काय वेड लागलं होतं मला?"

बोलून गेली. मोठ्यानं. आणि शब्द बाहेर पडल्यावर कळलं की हाच प्रश्न ती इतके दिवस पोटात घेऊन फिरतेय, आणि त्याचं उत्तर आत्ता तिनं स्वतःच, रागावून दिलंय. चिमीनं तिचा हात धरला. रश्श्यानं माखलेल्या हातानंच. "मला सांगायचं ना गं," ती म्हणाली. "मी किती घाबरले होते."

"तू विचारलं नाहीस. तू डॉक्टरला विचारलंस."

ड्रायव्हर आपल्या ताटात भलतंच लक्ष घालून जेवू लागला.

केबिनमध्ये आल्यावर चिमी आईचा गाऊन घालून पलंगावर बसली. ओला ड्रेस जाळीखाली टांगला. बॅग दाराशी उभी. "कोंदट आहे," ती म्हणाली. "थांब, खिडकी उघडते." आणि पलंगामागचा फुलाफुलांचा पडदा तिनं सर्रकन ओढला.

मागे भिंत होती. पांढरी, पत्र्याची.

दोघी भिंतीकडे बघत राहिल्या.

"मग पडदा कशाला लावलास?"

"सकाळी उघडायला."

चिमी हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग उशीत तोंड घालून. हसता हसता तिनं डोळे पुसले, आणि वळून, एकदम साध्या आवाजात विचारलं, "आई, खरं सांग. त्रास होतो ना तुला इथं?"

छे गं, मजेत आहे — हे वाक्य जिभेवर तयार होतं. नेहमीचं, घासून गुळगुळीत झालेलं. ती ते बोलायला गेली, आणि काय झालं कुणास ठाऊक, कंटाळाच आला त्या वाक्याचा.

"होतो," ती म्हणाली. "होतो म्हणजे काय, जीव नकोसा करतात. पाणी बघितलंस? चहाच्या आधीच चहाच्या रंगाचं. कपडे धुवायच्या मशीनवर त्या दोघी बहिणी अशा ठाण मांडून बसतात, जशी काही माहेराहून आणलीय. ही जाळी बरोबर माझ्या उशीवर गळते, म्हणून पलंग सरकवला, तर आता पायावर गळते. आणि तो कप्तान! लवकरच म्हणे. त्याच्या त्या लवकरचला एकदा..." ती बोलत सुटली. हात नाचवत, जाळीकडे बोट दाखवत. मध्येच तिच्या लक्षात आलं की आपल्याला मजा येतेय, की गेल्या कित्येक महिन्यांत आपण इतकं बोललो नव्हतो, आणि असं तोंडभरून तर माणूस स्वतःच्याच घराबद्दल बोलतं. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर कोण म्हणतं, तुमचा नळ गळतो म्हणून?

"आमच्याकडे तरी काय," चिमी पाय वर घेत म्हणाली. "वरच्यांची मोरी आमच्या स्वयंपाकघरात उतरलीय. तुझा जावई रोज छताकडे बघतो आणि म्हणतो, करू."

"तुझा बाप असाच म्हणायचा. करू करू करत गेला बिचारा."

"आई!"

"अगं खरंच." आणि दोघी पुन्हा हसल्या. बोळातून ड्रायव्हर खाकरत गेला. त्यालाही हसणं ऐकू गेलं असणार.

मग वरून एक थेंब पडला. चिमीनं पाय बाजूला घेतला, पण उठली नाही. "मग?" ती म्हणाली. "येतेस का घरी?"

येतेस का. सकाळपर्यंत ते "न्यायला येतेय" होतं. तिनं चमकून लेकीकडे बघितलं. लेकीलाही आपण काय बोललो ते कळलं नसावं, ती गाऊनची बाही दुमडत होती. आणि तिनं आत शोधलं, ठणकावून म्हणायचं ते "नाही" कुठं आहे, रात्ररात्र घोकून ठेवलेलं. ते जागेवर नव्हतं. भीतीही नव्हती, केबिनची नाही, लेकीची नाही, डोक्याचीही नाही. तिथं नुसती मोकळी जागा होती. चिमीच्या घरातली ती खोली — तिला कडी आहे का, हे मी कधी बघितलंच नाही. आणि नसली तर बसवून दे म्हणता येईल की. आणि इथं राहायचं तर ही जाळी आधी दुरुस्त करून घ्यायला हवी, भांडून, गोड बोलून नव्हे. दोन्ही होऊ शकतं. दोन्ही माझं असू शकतं.

"सांग ना," चिमी म्हणाली.

"थांब गं, घाई करू नकोस. विचार करते," ती म्हणाली. जन्मभर हे वाक्य तिनं समोरच्याला टाळायला वापरलं होतं. आता उशीला टेकून, पाय लांब करून, ती खरोखरच विचार करायला लागली.