जाड कागदाचं हिमफूल

अपोलोनियाच्या घरात वर्तमानपत्र कोणी सहजासहजी फाडत नसे. चूल पेटवायची असो, ओल्या बुटात कोंबायचं असो की मासा गुंडाळायचा असो, आधी पान दोन्ही बाजूंनी बघायचं आणि त्यावर थोर नेत्याचा फोटो असला तर ते बाजूला काढायचं. लढाईनंतरच्या, रशियनांच्या ताब्यातल्या लिथुआनियात घरोघरी हीच रीत होती. त्याच्या मिशीत मासा गुंडाळणारा सायबेरियात पोचला, असं लोक कुजबुजत, आणि ते खोटं असावं असं कुणालाच वाटत नसे. बाजूला काढलेल्या पानांचं पुढे काय करायचं, हे मात्र कुणालाही ठाऊक नव्हतं. जाळायची सोय नाही, टाकायचीही नाही. अपोलोनियाने त्यांची चळत कपाटामागे ठेवली होती आणि ती आपली वाढतच होती.

तिला तर जरा जास्तच जपावं लागे. नवरा लढाईत गेला, आणि धाकटा भाऊ किप्रास नव्या राजवटीशी लढणाऱ्या पोरांबरोबर जंगलात गेला. तेव्हापासून हे घर वरच्यांच्या डोळ्यांत सलत होतं. आता एवढीशी चूक झाली असती, तरी सासू बार्बोरा, ती आणि लहानगी लेक मोर्ता सायबेरियाला जाणाऱ्या गुरांच्या डब्यात कोंबल्या गेल्या असत्या. किप्रास कुठे आहे हे गावात दोघांनाच माहीत होतं, तिला आणि ज्याच्या गिरणीच्या तळघरात तो खोकत पडला होता त्या मातेउसला.

नाताळाला बंदी होती, नववर्षाच्या झाडाला परवानगी होती. म्हणून बायकांनी सगळ्याची नावं बदलली. देवदूत कातरला की त्याला हिमकन्या म्हणायचं. बेथलेहेमच्या ताऱ्याचे टोकदार कोपरे कमी करून पाचच ठेवले की तो सरकारी होई. "पंख कापले की देवदूतसुद्धा पार्टीत जातो," असं बार्बोरा म्हणायची, आणि सून तिला गप्प करायची.

बार्बोराच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण बोटं शाबूत होती. पिठाच्या खळीत खडू कालवून ती वर्तमानपत्राला दोन्हीकडून पांढरं सारवायची, वाळलं की घडीवर घडी घालायची आणि मेंढ्या कातरायच्या कात्रीने कोपरे उडवायची. घडीच्या आत काय कापलं जातंय हे चांगल्या डोळ्यांनाही दिसत नाही, तिथे तिची काय कथा. उलगडलं की हिमफूल. मोर्ता टाळ्या पिटायची.

त्या वर्षी सून दूध-केंद्रावर कामाला गेली असताना म्हातारीचा कागद संपला. चाचपडत ती कपाटामागे गेली आणि तिला घबाडच सापडलं. नेत्याचा वाढदिवस नाताळाच्या तोंडावर येई आणि त्या दिवशीचा अंक चांगल्या, जाड कागदावर निघे. असा कागद वाया घालवून सुनेने दडवून ठेवला, याचं तिला नवलच वाटलं. तिने त्याचं सगळ्यात मोठं हिमफूल केलं आणि मोर्ताने ते गोठ्याकडच्या खिडकीला चिकटवलं. अपोलोनियाने संध्याकाळी ते पाहिलं आणि सासूचं कौतुक केलं. कागद कुठला, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी, बंदी असली तरी, बिनमांसाचे बारा पदार्थ शिजायलाच हवेत. मीठ आणि पाणी धरून तिचे कसेबसे बारा झाले. दुपारभर बीट उकळत होतं, खसखशीचं दूध गरम होत होतं आणि खोली वाफेने भरली होती. दिवस कलला तशी अपोलोनिया गाईची धार काढायला गेली. बादली घेऊन परतताना तिने सहज खिडकीकडे पाहिलं.

वाफेने खडू ओघळला होता. पांढऱ्या हिमफुलातून मिशी वर आली होती, कपाळ आलं होतं, छातीवरची पदकं आली होती. डोळ्यांच्या जागी दोन सुबक चौकोनी भोकं होती आणि त्यांतून आतल्या दिव्याचा उजेड येत होता. मग आतून पुरुषी आवाज ऐकू आला.

कुणाच्या घरी नाताळ चाललाय हे बघायला त्या संध्याकाळी मास्तरणींना पाठवत, ही नेहमीचीच गोष्ट होती. शाळेतल्या एमिलियाबाई आल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर तालुक्याहून आलेला कॉम्रेड गुदास. गुदास खिडकीकडे पाठ करून बसला होता आणि बार्बोराला विचारत होता की हे एवढं जेवण कशासाठी. म्हातारी म्हणाली की सुनेचा वाढदिवस. सून आत येताच गुदासने तिला शुभेच्छा दिल्या, वय विचारलं आणि हसला. आता तो उठला असता, वळला असता.

एमिलियाबाईंनी खिडकीकडे पाहिलं होतं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला अपोलोनियाने पाहिला. मग त्या शांतपणे उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि हिमफूल अलगद सोडवून त्याची घडी केली.

"हे मी शाळेच्या झाडासाठी नेते हं, आजी," त्या म्हणाल्या. "पोरांना शिकवायला नमुना होईल."

"न्या की बाई, अजून करून देते," बार्बोरा खुलून म्हणाली.

गुदासने जांभई दिली. घडी कोटाच्या आत गेली. अपोलोनियाला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. ह्या पोरीला आपण वर्षभर सरकारची चमची म्हणून नावं ठेवली, ह्याची तिला मनापासून लाज वाटली.

ती त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली. गुदास पुढच्या घराकडे निघाला. एमिलियाबाई हातमोजे घालण्याच्या निमित्ताने मागे राहिल्या.

"देव तुमचं भलं करो, बाई," अपोलोनिया पुटपुटली.

"देवाचं नाव काढू नका." बाईंनी आवाज आणखी खाली आणला. "किप्रास कुठे आहे?"

"मला काय माहीत?"

"अपोलोनियाताई, तो कागद माझ्याकडे आहे. मलाही कुणीतरी असंच फाटकाशी धरून विचारलंय. त्याचा पत्ता दिला नाही तर माझी आई सायबेरियात जाते. तुम्ही सांगितलंत तर कागद मी आजच जाळते, शप्पथ. सासूबाई, मोर्ता, कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही."

गुदास वळून वाट बघत होता. खिडकीतून मोर्ताचं खिदळणं ऐकू येत होतं. भावाला अपोलोनियाने लहानपणी कडेवर घेऊन वाढवलं होतं.

"मातेउसच्या गिरणीत," ती म्हणाली. "तळघरात. तो आजारी आहे, त्याला म्हणावं..."

पण काय म्हणावं ते तिला सुचलं नाही, आणि बाईही ऐकायला थांबल्या नाहीत.

ती आत आली तेव्हा मोर्ताने रीतीप्रमाणे, बाळ येशूच्या गव्हाणीची आठवण म्हणून, टेबलक्लॉथखाली गवत अंथरलं होतं. पहिला तारा दिसला, आता जेवायला बसायचं, असं तिनेच ओरडून सांगितलं, पण खिडकीपाशी कोणी गेलं नाही. घरातली कर्ती बाई म्हणून आशीर्वादाची पातळ पोळी मोडून प्रत्येकाला द्यायचं काम अपोलोनियाचं होतं. तिने ती मोडली. बार्बोराने आपला तुकडा तोंडात घोळवला आणि समाधानाने मान हलवली.

"किती गुणाची पोर आहे ती मास्तरीण," म्हातारी म्हणाली. "आज तिचंही नाव घे प्रार्थनेत."

"घेते," अपोलोनिया म्हणाली, आणि तिने घेतलं.